फॅशन म्हणे!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: ‘हवामान बदलाची चिंता ही श्रीमंत देशांतल्या पोरांची फॅशन. डॉक्टरांनी काढलेला नवा आजार. आपली मुलं उन्हातान्हात वाढलेली, कणखर. मोबाइल काढून घ्या, चिंता पळेल.’ आमच्या घरच्या ग्रुपवर त्याला अकरा अंगठे पडले.

आधी ‘श्रीमंत देश’. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांची पाहणी आली. या चिंतेचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं अमेरिकेत २६ टक्के म्हणाले, ब्रिटनमध्ये २८. भारतात ७४. पाहणी ऑनलाइन होती, त्यामुळे टँकरच्या रांगेतली पोरं तिच्यात फारशी नसणार, हे कबूल. पण फॅशनच म्हणायची तर ती उलटीकडून निघालीय.

आता ‘कणखर’. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझी भाची पाचवीत होती. आता दहावीला आलीय. पोहते, भांडते, गणितात मला हरवते. पण जुलैत रात्री पावसाचा जोर वाढला की उठते, दप्तर माळ्यावर टाकते आणि पुलाखाली पाणी कुठवर आलं, हे बाबांना विचारत बसते. सकाळी पेपर असला तरी. ‘आमच्या वेळीही पूर यायचे,’ असं आजोबा म्हणतात. यायचेच. २००५ ला आजोबाही रात्रभर जागे होते, हे आजी सांगते.

मोबाइलचं थोडं खरं आहे. रात्री दोनपर्यंत पुराच्या रील बघून कुणाचं भलं होत नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो दुष्काळ तिथल्या पोरांनी घागरी वाहून बघितला. नापिकीने गप्प झालेला बाप स्क्रीनवर नसतो, समोर जेवायला बसलेला असतो. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, त्याला कोणता मोबाइल काढून घेणार?

राहिला ‘नवा आजार’. तसं कुणी म्हणतच नाही. मानसोपचाराच्या आजारांच्या यादीत हे नाव नाही. खऱ्या धोक्याची भीती वाटणं स्वाभाविकच, असं अभ्यासकही सांगतात. झोप, जेवण, शाळा सुटायला लागली, तर मात्र कुणाशी तरी बोलायला हवं. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

तोही मी ग्रुपवर टाकलाय. अजून एकही अंगठा नाही.