स्कीन्सला जुलैत विकणार? नियम पाहिले तर हा दावा टिकत नाही

2025च्या उन्हाळ्यात अमेरिकी बेसबॉलमध्ये एक दावा सगळीकडे फिरला आणि तो अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो: ‘पिट्सबर्ग पायरेट्सचा हंगाम गेल्यात जमा आहे. पॉल स्कीन्सचा पगार त्यांना परवडणार नाही, उद्या तो फुकटात सोडून जाईल. डॉजर्स नाहीतर यांकीज वाटेल तेवढे पैसे मोजतील. सोटोचं झालं तेच याचं होणार. डेडलाइनच्या आत ट्रेड पक्का.’ स्कीन्स हा पायरेट्सचा तरुण पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा; डॉजर्स आणि यांकीज हे श्रीमंत संघ; ट्रेड म्हणजे दोन संघांतली खेळाडूंची अदलाबदल आणि डेडलाइन म्हणजे त्यासाठीची 31 जुलैची मुदत. (पायरेट्स म्हणजे तोच संघ, ज्याने 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना करारबद्ध केलं होतं.)

संघाची अवस्था वाईट होती हे खरंच. 12 विजय, 26 पराभव अशा स्थितीत मे महिन्यात मॅनेजर डेरेक शेल्टन यांना काढलं. शेवट 71-91 असा झाला. पण दाव्यातलं बाकीचं एकेक वाक्य तपासून पाहा.

‘फुकटात जाईल.’ मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अव्वल लीगमध्ये, सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात असतो. सेवेचं एक वर्ष म्हणजे रोस्टरवरचे (मुख्य संघाच्या यादीतले) 172 दिवस. स्कीन्सचं पदार्पण 11 मे 2024चं, त्यामुळे पहिल्या हंगामात त्याचे जेमतेम 140 दिवस भरले. नुसते दिवस मोजले तर तो 2030नंतर मोकळा होतो. पण लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022च्या सामूहिक करारात एक कलम आलं: रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या पात्र नवोदिताला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्सने तो पुरस्कारच जिंकला, म्हणून हिशेब 2029वर येतो. म्हणजे 31 जुलै 2025ला त्याचे चार पूर्ण हंगाम आणि चालू हंगामाचे दोन महिने संघाच्या हातात होते. 2029नंतर तो गेला तरी संघ रिकाम्या हाताने राहत नाही. एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेच्या कराराचा प्रस्ताव) देऊन त्याने ती नाकारली आणि दुसरीकडे करार केला, तर भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळते. एक सावधगिरी मात्र हवी. हा सामूहिक करार 1 डिसेंबर 2026ला संपतो, त्यानंतर ही कलमं बदलू शकतात.

‘पगार परवडत नाही.’ 2025 मध्ये स्कीन्सचा पगार 8,75,000 डॉलर होता आणि लीगचं किमान वेतन 7,60,000. तीन वर्षांची सेवा भरेपर्यंत पगाराचा आकडा संघच ठरवतो, त्यामुळे लवादाचा (मतभेद झाल्यास त्रयस्थांनी ठरवायचा) पहिला पगार 2027चा. साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकल्यावर अशा तरुण खेळाडूला मिळणारे 25 लाख डॉलर लीगच्या 5 कोटींच्या सामाईक निधीतून येतात. त्याच हंगामात त्याने 1.97च्या ईआरएने (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) 216 फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि साय यंग घेतला. एवढ्या कमी पैशांत असा पिचर कुठेच मिळत नाही. ज्या संघाचं बजेट आखूड, त्याने तर त्याला आधी धरून ठेवायला हवं.

‘वाटेल तेवढे पैसे मोजतील.’ इथे आयपीएल पाहणाऱ्याची गफलत होणं साहजिक आहे. 2023च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला गेला तो रोख व्यवहारात. मेजर लीगमध्ये मोठा खेळाडू निव्वळ रोखीने विकता येत नाही. 1976च्या जूनमध्ये ओकलंडने जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी 10 लाख डॉलरला बोस्टनला, तर व्हायडा ब्लूला 15 लाखांना यांकीजना विकलं. लीगचे आयुक्त बोवी कून यांनी तिन्ही सौदे रद्द केले. ड्राफ्टच्या निवडीही देता येत नाहीत. छोट्या संघांना मिळणाऱ्या ‘कॉम्पेटिटिव्ह बॅलन्स’ फेरीतल्या निवडी तेवढ्या चालतात. जुलैत नुकताच ड्राफ्ट झालेला खेळाडू वर्ल्ड सीरिज संपेपर्यंत ट्रेडमध्ये घालता येत नाही. अफवांच्या याद्यांत अशी नावं दिसली की ती यादी तिथेच बाजूला ठेवावी. किंमत मोजायची ती खेळाडूंमध्येच.

आता सोटो. 2 ऑगस्ट 2022ला वॉशिंग्टनने स्टार फलंदाज हुआन सोटोला जॉश बेलसह सॅन डिएगोला दिलं. बदल्यात मॅकेन्झी गोर, सीजे एब्रम्स, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट मिळाले. पण त्याआधी सोटोने 15 वर्षांचा 44 कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला होता. त्याच्या ताब्याचे अडीच हंगाम उरले होते आणि लवादामुळे पगार वाढलेला होता. स्कीन्सची मुदत याहून दोन वर्षं जास्त आणि पगार नगण्य. शिवाय डॉजर्ससारखा संघ लक्झरी टॅक्सच्या (पगारांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर बसणाऱ्या कराच्या) वरच्या टप्प्यात प्रत्येक जादा डॉलरवर 110 टक्के कर भरतो, त्याला स्वस्त पिचरचं मोल इतरांहून अधिक. पायरेट्स हे जाणतात आणि त्याच मापाने मागतील. घेणाऱ्याला आपल्या होतकरू खेळाडूंची वरची फळीच रिकामी करावी लागेल.

अशा सौद्याची जुळणी किती नाजूक असते हे अफवा पसरवणारे सांगत नाहीत. सोटोच्या सौद्यात सॅन डिएगोकडून आधी एरिक हॉस्मर जाणार होता. त्याच्या करारात काही संघांना नकार देण्याचा हक्क होता, तो त्याने वापरला, म्हणून व्हॉइट आला. दुसरा अडथळा वैद्यकीय अहवालांचा. 29 जुलै 2015ला मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानावरच रडला, कारण सामना चालू असताना त्याचा ट्रेड झाल्याची बातमी पसरली होती. बदल्यात येणाऱ्या कार्लोस गोमेझच्या खुब्याबद्दल मेट्सना शंका आली आणि सौदा मोडला. तिसरा अडथळा 40 जणांच्या रोस्टरचा. एकाच्या बदल्यात त्या रोस्टरवरचे चार घेतले तर तीन जागा मोकळ्या कराव्या लागतात. काढलेल्या खेळाडूचा निकाल सात दिवसांत लावायचा आणि तो हातचा जाऊ शकतो. म्हणून विकणारा संघ अजून 40 मध्ये न आलेली पोरं मागतो आणि घेणारा नेमकी तीच जपतो. डेडलाइन उलटली की या रोस्टरवरच्यांचा ट्रेड बंद.

पायरेट्सनी त्या जुलैत खरोखर कोणाला दिलं ते पाहा. क्लोजर (सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर) डेव्हिड बेडनार यांकीजकडे गेला. त्याचा ताबा 2026पर्यंतच होता. थर्ड बेसमन कीब्रायन हेज सिनसिनाटीला गेला. त्याचा 7 कोटी डॉलरचा करार 2029पर्यंत होता आणि बॅट चालत नव्हती. यातलं काहीच स्कीन्सला लागू पडत नाही. जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी मे महिन्यातच त्याचा ट्रेड चर्चेत नसल्याचं सांगितलं होतं.

चाहत्यांच्या रागाशी मात्र आमचं भांडण नाही. 1.97 ईआरए असलेल्या पिचरच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागतात, तेव्हा दोष त्याच्यामागे फलंदाजी उभी न करणाऱ्यांचा असतो. घाईत केलेल्या सौद्याचा चटकाही या संघाला बसलेला आहे: 31 जुलै 2018ला क्रिस आर्चरसाठी त्यांनी टायलर ग्लासनाउ आणि ऑस्टिन मेडोज दिले, वर ‘नाव नंतर ठरवू’ म्हणून ठेवलेल्या जागी शेन बाझही गेला.

‘पायरेट्सनी आपला पिचर गेरिट कोललाही विकलंच ना?’ विकलं, पण जानेवारी 2018 मध्ये, त्याचे दोन हंगाम उरले असताना. तेच गणित स्कीन्सला लावलं तर ती वेळ 2027-28च्या हिवाळ्यात येते.