पोराला शेतीत ठेवताय, तर त्याचा हिशेबही वेगळा ठेवा

बारावीचा निकाल लागला की आमच्या लातूर भागात घराघरात एकच विषय असतो. नीटला किती पडतील, रिपीट करायचं का, कुठल्या क्लासला टाकायचं. क्लासची फी भरायला रान गहाण टाकलेले बाप मी पाहिले आहेत, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पण एखादं पोरगं म्हणालं की मला शेती करायची, तर आई डोळ्याला पदर लावते आणि बाप म्हणतो, "मग तुला शिकवलं कशाला?"

आमच्या घरात यंदा हेच चाललंय. माझ्या दिराचा मुलगा सायन्सला होता, मार्क बरे आहेत, हुशार आहे, आणि त्याला रानात राहायचंय. घरात त्याच्या बाजूने बोलणारी मी एकटीच. भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुम्ही त्याला बिघडवताय." म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण मी त्याच्या बाजूने आहे ती एका अटीवर आहे. आमच्या शेतात फुकटचा गडी म्हणून राबायचं असेल, तर त्याने आजच बॅग भरावी आणि पुण्याची गाडी धरावी. शेती करायची असेल तर त्याच्या वाट्याला एक तुकडा, त्याची वही आणि त्याचं बँक खातं वेगळं हवं.

शेतीत पोरं का टिकत नाहीत, याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे: पाऊस नाही, भाव नाही, मजूर नाही. हे सगळं खरं आहे. पण त्याच्या खाली एक गोष्ट आहे, ती आपण घरातले लोक बोलत नाही. गावात वीस-बावीस वर्षांचं पोरगं ट्रॅक्टर चालवतं, फवारणी करतं, रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला जातं, आडतीवर माल नेऊन घालतं. आणि मोबाइलच्या रिचार्जला बापापुढे हात पसरतं. त्याच्याच वर्गातला मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटी लागलेला असतो. त्याचा पगार फार नसतो, खोलीत चारपाच जण दाटीने राहतात. पण महिन्याला पैसे त्याच्या खात्यावर येतात आणि त्यातून आईला साडी घ्यायची की गाडीचा हप्ता भरायचा, हे तो ठरवतो. पोरं शेतीपेक्षा या परावलंबीपणाला जास्त कंटाळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशेब बघू. आमच्या भागात पाच एकर कोरडवाहू असलेला म्हणजे काही अगदीच लहान शेतकरी नाही. सोयाबीन एकरी आठ क्विंटल धरलं तर चाळीस क्विंटल. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण हंगामात आडतीवर भाव बहुतेक वेळा त्याच्या खालीच असतो. हमीभाव केंद्रावर न्यावं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो, नोंदणी, बारदाना, नंबर लागेपर्यंत थांबायचं. दिवाळी तोंडावर आलेली असते, आडत्याकडून उचल घेतलेली असते, कोण थांबणार? 4,200 ने विकलं तर 1,68,000 रुपये झाले. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, काढणी, मळणी मिळून एकरी अठरा हजार धरा, नव्वद हजार गेले. राहिले 78,000. त्यावर रब्बीत हरभरा होईल तो वेगळा.

या हिशेबात एक ओळ नाही. बाप, आई आणि पोरगं वर्षभर राबले त्यांची मजुरी. आपल्याकडे ती कुणी धरतच नाही. विचारलं तर म्हणतात, घरचंच तर आहे! केंद्राचा कृषिमूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना घरच्या माणसांच्या कष्टाचं मोल खर्चात धरतो. ते कमी धरलं जातं, अपुरं असतं, त्यावर भांडायलाच पाहिजे, पण निदान तिथे तो रकाना तरी आहे. आपल्या घरच्या वहीत तोही नाही. सरकारने आमच्या घामाचे दाम द्यावेत म्हणून आपण रस्त्यावर उतरतो आणि स्वतःच्या लेकराचा घाम शून्य धरतो.

2019 साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न 10,218 रुपये निघालं होतं. त्यात पिकातून आलेले 3,798 आणि मजुरी-पगारातून आलेले 4,063. म्हणजे शेतकरी म्हणवणारं घरसुद्धा पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतं. रान तर दर पिढीला लहानच होत गेलं. महाराष्ट्रात 1970-71 ला सरासरी धारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 ला ती 1.34 हेक्टरवर आली. हे आकडे मी पोराला स्वतः दाखवले. शेतीचं गोडगोड चित्र दाखवून कुणाला या धंद्यात ओढणं मला पटत नाही. मोबाइलवर "एकरात दहा लाख" असे व्हिडिओ बघून उतरलेली पोरं दोन हंगामांत कर्जात जातात. त्या व्हिडिओत रोपवाटिकेचं बिल आणि पडलेला भाव कधी दिसत नाही.

कागदावरची गोष्ट तर आणखी वाईट. सातबारा बापाच्या किंवा आजोबाच्या नावावर. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, पण ते सातबारा ज्याच्या नावावर त्याला. पीएम किसान त्यालाच, आता शेतकरी ओळख क्रमांक काढायचा तोही त्याच्याच नावाने. म्हणजे रानात दिवसरात्र असलेलं पोरगं सरकारी दप्तरात शेतकरीच नाही. आणि ज्याच्या घरात सातबाराच नाही, त्याला तर कूळकायद्यामुळे शेतजमीन विकत घेणंही जवळपास बंद. अशी शहरातली किंवा भूमिहीन घरातली पोरं बटईने (पिकात वाटा देऊन) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) रान करतात, तोंडी व्यवहारावर. नुकसान झालं की पंचनामा मालकाच्या नावाने होतो. या पोरांसाठी लेखी, सुरक्षित भाडेपट्ट्याची सोय व्हायलाच हवी. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

लोक म्हणतात, अठरा वर्षांच्या पोराला काय कळतं, रान त्याच्या हातात कसं द्यायचं? आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. भाऊजी दरवर्षी पेरणीआधी दुकानातून सोयाबीनच्या बॅगा आणतात. यंदा पोराने घरच्या बियाण्याचा विषय काढला. सोयाबीन सरळ वाणाचं असतं, परागीभवन त्याचं त्यात होतं, त्यामुळे चांगलं निवडलेलं घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. पण 2020 च्या खरिपात राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नव्हतं, दुबार पेरणीची वेळ आली होती, ती धास्ती भाऊजींच्या मनात अजून आहे. पोरगं वाद घालत बसलं नाही. ओलं गोणपाट अंथरलं, कुठलेही निवडून न घेता शंभर दाणे घेतले, दहा ओळींत दहा-दहा ठेवले, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकलं, गुंडाळी केली आणि सावलीला ठेवली. रोज पाणी शिंपडत होता. उघडलं तेव्हा मोड चांगला आलेले दाणे एकेक करून मोजले, कुजलेले बाजूला काढले, आणि वहीत लिहिलं. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, त्याहून कमी उगवले तर त्या मापात बियाणं वाढवायचं. आमचे सत्तराच्या वर होते. दुसऱ्या दिवशी गड्याने बियाण्याचं पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं, तर हा त्याच्यावर ओरडला. सोयाबीनचं टरफल पातळ, आपटलं की आतला अंकुर मरतो. भाऊजी बघत होते. काही बोलले नाहीत, पण बॅगा आणायला अजून गेलेले नाहीत.

असं पोरगं मेडिकलच्या सीटसाठी आणखी दोन वर्षं खोलीत कोंडून ठेवायचं का?

शिकायचंच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. उलट शेती करणाऱ्यालाच जास्त शिकावं लागतं. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आमच्यासाठी परभणी, आणि लातूरलाच त्यांचं कृषी महाविद्यालय आहे. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी अॅग्री करता येते. शेवटच्या वर्षात ही मुलं गावात राहायला येतात, कृषिदूत म्हणून, माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया करून दाखवतात. माझी या शिक्षणाबद्दल तक्रार एकच आहे. डिग्री झाली की त्यातली बरीचशी मुलं एमपीएससीच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. शेतीचं शिकलेलं डोकं पुन्हा शेतात येतच नाही. यात मुलांचा दोष मी धरत नाही, परत यायला घरात जागा कुठे ठेवलेली असते? ज्यांना रान सोडून जमणार नाही, त्यांच्यासाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम आहेत. आणि कॉलेजइतकंच महत्त्वाचं म्हणजे, एखादा हंगाम दुसऱ्याच्या शेतावर पगारावर काम करा. घरच्या रानात चूक झाली तर बाप झाकून घेतो, दुसऱ्याकडे मालक पैसे कापतो. धंदा तिथे कळतो.

पोराच्या तुकड्यात काय घ्यायचं, यावर घरात रोज चर्चा आहे. त्याच्या डोक्यात तुती आहे, रेशमाच्या अळ्यांना पाला घालायला. रेशीम आमच्याकडे आणि बीडकडे चांगलं रुजलंय. एकदा लागवड केली की झाड बरीच वर्षं पाला देतं, महिन्याभरात एक बॅच निघते, म्हणजे सोयाबीनसारखं वर्षातून एकदाच पैशाचं तोंड बघायचं असं नाही. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, 2018 पासून जालन्यात कोषाचा बाजार सुरू झाला. पण अळी शेवटच्या अवस्थेत असताना रात्री-अपरात्री पाला टाकावा लागतो, तिथे लग्नकार्य, जत्रा काही बघता येत नाही. आणि शेजाऱ्याने सोयाबीनवर कीटकनाशक मारलं आणि वारा आपल्याकडे असला, तर फवारा तुतीवर येतो आणि सगळी बॅच हातची जाते. म्हणून मी त्याला सांगितलं, आधी बांधाच्या चारी बाजूंच्या लोकांशी बोलून घे, मग तुतीच्या बेण्याचं बघ.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वर सगळीकडे मी पोरगं, पोरगा लिहीत आले, कारण घराघरात चर्चाच तशी होते. कृषी महाविद्यालयात मुली कमी नाहीत. रानातली निंदणी, वेचणी, काढणी तर बायकांच्याच जिवावर चालते. महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीपासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. प्रत्यक्षात लग्नानंतर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि माहेरी चहा दिला जातो. बारावी झालेल्या मुलीने शेती करते म्हटलं तर तिला कुणी "शिकवलं कशाला" असंही विचारत नाही, सरळ स्थळं बघायला लागतात. माझ्या लेकीला रानाची आवड लागली तर तिलाही तुकडा मिळेल, एवढं मी या निमित्ताने घरात सांगून ठेवलंय.

आणि लग्न. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात पोरांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, लोकांना त्याची गंमत वाटली. त्यांची मागणी गर्भलिंगनिदान कायद्याच्या अंमलबजावणीची होती, ती कुणी नीट वाचली नाही. शेतकरी मुलाला मुलगी देत नाहीत, हे आमच्याही गावचं दुखणं आहे. मुलीकडच्यांना मी दोष देत नाही. त्यांना दिसतं ते असं, की मुलगा राबतो आणि पैसा सासऱ्याच्या हातात. त्यांच्या मुलीच्या हातात तर त्यानंतरही काही येणार नाही.

मी भाऊजींपुढे ठेवलेलं म्हणणं असं आहे. वाटणीपत्र, फेरफार यातलं काही लगेच करायची गरज नाही. विहिरीजवळचा एक एकर पोराच्या हिशेबाला द्यायचा. बियाण्याला, खताला सुरुवातीचे पैसे घरातून, पण उसने म्हणून, वहीत लिहून. काय पेरायचं, कधी फवारायचं, कुठे विकायचं हे तो ठरवेल, विचारलं तर आपण सांगायचं. मालाच्या विक्रीची पट्टी त्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यावर. बाकीच्या रानात तो काम करेल त्याची हजेरी लावायची, गावात जो रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, चालू असेल त्या दराने. तो रोज द्यायला पैसे नसतील तर निदान लिहायचा, म्हणजे आपल्या शेतीत खरंच काही उरतं की नाही, हे आपल्यालाही पहिल्यांदा कळेल.

भाऊजी यातल्या बहुतेक गोष्टींना कबूल आहेत. हजेरीवर थोडे चिडले, "माझ्याच पोराला रोज देऊ?" म्हणाले, पण ऐकून घेतलं. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. 2022 ला गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात खाल्लं, 2023 ला सोयाबीनवर यलो मोझॅक रोग आला, 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने नदीकाठच्या लोकांचं पीकच काय, माती खरडून नेली. असं वर्ष पोराच्या पहिल्याच हंगामात आलं तर घरातून घेतलेले उसने पैसे त्याच्या नावावर ठेवायचे की माफ करायचे? माफ केले तर ते पुन्हा घरचंच झालं, वहीला अर्थ राहत नाही. ठेवले तर एकोणिसाव्या वर्षी पोराच्या डोक्यावर बापाचं कर्ज. माझं मत निम्मं-निम्मं करावं असं आहे. भाऊजी म्हणतात सगळं घराने सोसावं. आणि पोरगं म्हणतं, "काकू, सगळं माझ्याच नावावर ठेवा, पुढच्या रब्बीत फेडतो."

ज्यांनी आपल्या मुलाला किंवा मुलीला असा तुकडा वेगळा करून दिलाय, त्यांनी नुकसानीच्या वर्षी काय केलं ते सविस्तर लिहा. मृगाचा पाऊस पडायच्या आत आम्हाला ठरवायचंय.