‘२१ दिवसांत सवय’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

दर जानेवारीत आणि मग पाडव्याच्या आसपास ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, शाळेच्या बॅचच्या, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. मध्ये एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून. ज्याची इच्छाशक्ती पक्की, त्यालाच हे जमतं. पहाटे पाचला उठा. आणि जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरून टाका, वाया जाऊ नयेत म्हणून तरी पाय तिकडे वळतील.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हे वाचून तीन आठवडे प्रयत्न केलेली आणि मग ‘आपल्यातच दम नाही’ असं ठरवून बसलेली माणसं मला कचराळी तलावाच्या ट्रॅकवर, ऑफिसात, नातेवाइकांत भेटत राहतात. त्यांच्यासाठी एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी तो २१ चा आकडा. तो आला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. हे एका डॉक्टरचं निरीक्षण, प्रयोग नव्हे. रोज चालायला जाणं किंवा गोड कमी करणं याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. शिवाय ते ‘किमान’ म्हणाले होते. सांगोवांगीत तेवढं गळून गेलं आणि आकडा तेवढा उरला.

सवय लागायला खरोखर किती दिवस लागतात, हे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मोजून पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडली. जेवणासोबत फळ खायचं किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं, अशी. ८४ दिवस ते रोज नोंद करत होते. ती गोष्ट आपसूक होऊ लागण्याचा काळ कुणाला १८ दिवस, तर कुणाला, आलेख पुढे वाढवून काढलेल्या अंदाजाने, २५४ दिवस. मधला आकडा ६६. आता काही मेसेजांत २१ च्या जागी हा ६६ दिसू लागलाय, आणि मला त्याचीही तितकीच काळजी वाटते. सवय वाढत जाण्याचा आलेख ज्यांच्या नोंदींशी नीट जुळला असे त्या अभ्यासात जेमतेम ३९ जण होते. त्यातून घ्यायचं ते इतकंच की माणसागणिक आणि कामागणिक फार फरक पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत जिमच्या आणि रुग्णालयांतल्या हात धुण्याच्या प्रचंड नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही हेच दिसलं: हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, जिमची लागायला काही महिने जातात.

एक दिवस चुकला की सगळं पाण्यात, हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. लॅलींच्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नव्हता. आपल्याकडे तर दिवस चुकणारच. जुलैत धो-धो पाऊस लागतो, लोकल रखडतात, घरी गौरी-गणपती येतात. नुकसान चुकलेल्या दिवसाने होत नाही, ‘आता गेलंच सगळं’ या समजुतीने होतं. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये काही जणांना आधी मिल्कशेक देऊन मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्यांनी साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्लं. ताबा ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नेम मोडलाच आहे, मग कशाला थांबायचं? मोजणी एकपासून करायला लावणारा मेसेज लोकांना नेमकं हेच शिकवतो.

राहिली इच्छाशक्ती. २०१२ मध्ये विल्हेल्म हॉफमान आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत २०५ जणांना दिवसातून अनेकदा विचारलं, या क्षणी कशाचा मोह होतोय? ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला, ते मोहाशी जास्त झुंजत असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यावर झुंजायची वेळच कमी येत होती. वेंडी वूड यांच्या गटाचा २०११ चा प्रयोगही असाच बोलका आहे. सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांना सात दिवसांचं शिळं पॉपकॉर्न दिलं, तरी त्यांनी ते ताज्याइतकंच खाल्लं. तेच शिळं पॉपकॉर्न मीटिंग रूममध्ये दिलं, तर नाही. हात आपोआप चालत होता तो त्या जागेमुळे.

स्टेशनबाहेर पडल्यावर रोज वडापावच्या गाडीवरून जाणाऱ्याने मन घट्ट करण्यापेक्षा सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच बसपुलावर, चढून थेट बस पकडावी, हे मी म्हणूनच सांगते. आणि ‘उद्यापासून चालणार’ असं मोघम ठरवू नये. ‘ऑफिसातून घरी आलो की चहाआधी बूट घालून तलावाला दोन फेऱ्या’ असं ठरवावं, म्हणजे वेळ, जागा, कृती तिन्ही आधीच ठरतात. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा जर-तर ठरावांवरचे ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

पहाटे पाचचं लांबवत नाही. प्रौढांना किमान सात तास झोप लागते. सीएसएमटीहून रात्री दहाची गाडी पकडून घोडबंदरला पोचणारी बाई बारापर्यंत आडवी होते. तिला पाचला उठवणं म्हणजे तिची झोप काढून घेणं.

शेवटी वर्षाचे पैसे. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या नोंदींवर स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांचा २००६ चा अभ्यास आहे. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सदस्य महिन्यात सरासरी ४.३ वेळाच जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त. दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. त्यांनी निर्णय घेतला तो पुढे आपण कसे असू या कल्पनेवर. भरलेले पैसे माणसाला ओढून नेतात, हेही थोडेच दिवस खरं. पैसे भरल्यावर हजेरी वाढते आणि भरल्याची आठवण जुनी होत जाते तशी उतरते, असं जॉन गूरविल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं. वर्षाचा दर महिन्याच्या मानाने स्वस्त पडतो हे मान्य, पण जाणाऱ्याला. आधी महिन्याचे भरा, तीन महिन्यांची हजेरी मागून घ्या, खेपेला किती पडले ते काढा. ‘ऑफर आजच्यापुरती’ असं काउंटरवर म्हणाले तर घरी येऊन, दुसऱ्या दिवशी उत्तर द्या.