'लव्हिंग' हे आडनाव आहे हो!

जून आला की एक मजकूर ग्रुपवर फिरू लागतो. "12 जूनचा लव्हिंग डे म्हणजे अमेरिकेचा दुसरा व्हॅलेंटाइन. भानगड काळ्या-गोऱ्यांची, आपला काय संबंध? आणि 1967 सालीच कोर्टानं ती मिटवली. मग सरकारनं दिवस कशाला पाळायचा?" यंदा तो माझ्या मावसभावानंच पाठवला, म्हणून हा खटाटोप.

आधी नावाचं बघू. लव्हिंग हे आडनाव आहे, आपल्याकडे जोशी-कदम असतं तसं. रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी, मिल्ड्रेड काळी आणि मूलनिवासी वंशाची. त्यांच्या व्हर्जिनिया राज्यात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी, म्हणून जून 1958 मध्ये दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. जुलैत एका रात्री दोनच्या सुमारास शेरीफ थेट झोपायच्या खोलीत शिरला, तोंडावर बॅटरी मारली आणि रिचर्डला विचारलं, ही बाई कोण? लग्नाचा दाखला भिंतीवर टांगलेला होता. तो इथं चालत नाही म्हणाला आणि दोघांना तुरुंगात नेलं. जानेवारी 1959 मध्ये शिक्षा झाली: एक वर्ष कैद. पण राज्य सोडून जाणार असाल आणि 25 वर्षं जोडीनं परत येणार नसाल, तर ती स्थगित. यात गुलाबाचं फूल कुठं बसवायचं, ते मावसभावानं सांगावं.

'आपला काय संबंध' याला उत्तर अ‍ॅरिझोनाच्या 1931 च्या कायद्यात आहे. गोऱ्यांशी लग्नाची मनाई ज्यांना होती, त्यांच्या यादीत 'हिंदू' हा शब्द होता. त्याचा धर्माशी संबंध नव्हता. हिंदुस्थानातून आलेला कुणीही त्यात यायचा, अगदी शीखसुद्धा. कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले, त्यामागं असली बंधनंही होती.

कोर्टानं मिटवलं? लव्हिंग जोडप्याच्या खटल्यात 12 जून 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी दिलेला निकाल एकमुखी होता आणि उरलेल्या 16 राज्यांतली बंदी त्यानं मोडली, हे खरं. पण अलाबामाच्या राज्यघटनेतून ते कलम निघायला 2000 साल उजाडलं, तेही सार्वमत घेऊन. त्यात सुमारे 40 टक्के मतं कलम राहू द्या म्हणणारी! 2009 मध्ये लुइझियानातल्या एका अधिकाऱ्यानं अशा जोडप्याचं लग्न लावायला नकार दिला. आणि 2022 मध्ये संसदेला कायदा करून या लग्नांनाही संरक्षण द्यावं लागलं.

राहिला 'सरकारनं कशाला' हा प्रश्न. देशभर सुट्टी वगैरे काही नसते. काही राज्यं आणि शहरं जाहीरनामा काढतात, इतकंच. बंदी मात्र पूर्ण सरकारी होती. देवानं वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले म्हणजे त्यांनी मिसळू नये हीच त्याची इच्छा, असं लव्हिंग खटल्यातल्या खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशानं 1965 साली निकालपत्रात लिहिलं. ते सरकारी दप्तरात जमा आहे. त्याच्या शेजारी सरकारनंच काढलेला दुसरा कागद असायला नको?

निकालानंतर रिचर्डनं गावी स्वतःच्या हातानं घर बांधलं. 1975 मध्ये एका दारुड्या ड्रायव्हरनं त्यांच्या गाडीला धडक दिली, त्यात तो गेला. 25 वर्षं परत न येण्याची जुनी अट कायम असती तर ती जानेवारी 1984 मध्ये संपली असती.