मोडीला काय येतंय?

"काका, तुम्हाला ही बरी पडेल," असं म्हणून त्या पोराने टोपलीवाल्या सायकलीकडे बोट केलं. मी विचारलं होतं रोड बाइकबद्दल. फ्रेम अॅल्युमिनियमची घ्यावी, कार्बनची, की सरळ स्टीलची? एवढ्या पोक्त प्रश्नाला उत्तर काय, तर टोपली. वर "भाजी बसते" हेही सांगून झालं. दुकान साताऱ्यातलंच. नाव सांगत नाही, कारण हवा भरायला तिथेच जावं लागतं.

मी हटत नाही म्हटल्यावर नाइलाजाने भिंतीवरून तीन सायकली खाली आल्या. एक अॅल्युमिनियमची, एक कार्बनची आणि एक स्टीलची, जी कुणीतरी ऑर्डर देऊन न्यायला फिरकलंच नव्हतं. टिटॅनियमचा फक्त फोटो. सोबत ज्ञानही मिळालं: "कार्बन हलकं, अॅल्युमिनियम कडक, स्टील जड, टिटॅनियम एक नंबर." लाखभराच्या फरकाचा निकाल आठ-नऊ शब्दांत लागला.

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या मावशी उठल्या. नातवाच्या सायकलीचं पंक्चर निघेपर्यंत त्या बसून होत्या. उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेलेला. त्यांनी कुणाची परवानगी न घेता पहिल्या फ्रेमवर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"जर्मल हाय."

"अॅल्युमिनियम आहे, मावशी," पोरगा म्हणाला.

"त्येच म्हन्ते की. पोचा पडतोय ह्याला. मंग डाग दिऊन मिळतोय का?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. विकणारा तो, पगार त्याला, आणि उत्तर मी द्यायचं! दिलं. डाग देता येत नाही. या फ्रेमवर ६०६१ असा आकडा होता. तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं, आणि फ्रेम वेल्ड झाल्यावर ती भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. आकड्यापुढचं टी-६ म्हणजे तेच. उद्या तडा गेला आणि कुणी एमआयडीसीतल्या ओळखीच्या वेल्डरकडे नेली, तर जोड सुरेख दिसेल, पण जोडाच्या आजूबाजूची नळी मऊ पडलेली असेल. पुढचा तडा तिथेच.

"म्हंजे फुटलं की टाकलं," मावशी म्हणाल्या. "आन् नळ्या एवढ्या फुगीव का?"

हा प्रश्न मी अनेक वर्षं विक्रेत्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघतोय. अॅल्युमिनियम वजनाला स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणातही एक तृतीयांशच. म्हणजे नुसता धातू बदलून काही हाती लागत नाही. गंमत नळीच्या व्यासात आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं आणि ताठपणा आठपट. म्हणून अॅल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड, स्टीलच्या सडपातळ. 'अॅल्युमिनियम कडक' ही तक्रार मुळात त्या फुगलेल्या नळ्यांची आहे, धातूची नाही. नळ्या जाड ठेवायला आणखी एक कारण आहे. स्टीलवर येणारा ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर तो कितीही वेळा आला तरी स्टील थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. लहानसहान हिसकाही कुठेतरी जमा होत राहतो, म्हणून कारखानदार आधीच हात सैल सोडून मटेरियल घालतात. चांगल्या बनावटीची अॅल्युमिनियम फ्रेम वर्षानुवर्षं जाते, पण खालच्या नळीचा हेडट्यूबशी (हँडलखालच्या आखूड नळीशी) असलेला जोड आणि क्रँकजवळचे, म्हणजे पेडलच्या दांड्यांजवळचे, जोड दर धुण्याला निरखायचे. रंगावर केसासारखी रेघ दिसली की चालवणं बंद.

मावशी एव्हाना कार्बनपाशी. टकटक.

"हे बादलीवानी वाजतंय."

"लाख रुपये फक्त फ्रेमचे आहेत त्याचे," पोरगा दुखावून म्हणाला.

"असतील. मोडीला काय येतंय?"

दुकानात शांतता. पंक्चर काढणाराही थांबला. खरं उत्तर: काही नाही. शून्य. कार्बनची फ्रेम म्हणजे कोळशाच्या जातीच्या बारीक तंतूंचे थर राळेत भिजवून, साच्यात दाबून, उष्णता देऊन घट्ट केलेले. ती वितळवून पुन्हा धातू काढायचा म्हटलं तर धातू आहेच कुठे? भंगारवाला हात लावत नाही. मावशींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी कार्बनचा निकाल लागला. ज्या वस्तूला मोड नाही ती वस्तू नव्हे, खर्च.

पण टकटक मात्र त्यांची शास्त्रशुद्ध होती. कार्बनची फ्रेम पडली, आपटली, की नाण्याने हलके वाजवत नळीभर जायचं. आवाज सगळीकडे टणक आणि एकसारखा यायला हवा. एखाद्या जागी 'थप्प' असा दबका आला तर आतले थर सुटले असण्याची शक्यता. नळीची जाडी मुळातच जागोजागी बदलते, तेव्हा शेजारची जागा आणि पलीकडच्या बाजूची तीच जागा, दोन्हींशी ताडून बघायचं. शंका राहिली तर जाणकाराकडून तपासून घ्यायची. ही गोष्ट पोराने सांगितली नाही. ज्यांनी आयुष्यात रोड बाइकला टांग मारली नाही, त्यांनी करून दाखवली.

तंतूंच्या दिशेने कार्बन जबरदस्त मजबूत. बाजूने चिमटा बसला की हळवं. म्हणून वरच्या नळीवर बुड टेकून गप्पा मारायच्या नाहीत, गाडीच्या कॅरिअरला तिथे आवळायचं नाही, आणि सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा, बोल्ट 'अजून एक पिळा' या आपल्या राष्ट्रीय मापाने कसायचा नाही. बहुतेक ठिकाणी ४ ते ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळणारा पाना, लागतो. त्या दुकानात टॉर्क रेंच कुठे आहे असं विचारलं, तर पोराने मनगट दाखवलं.

"स्टीलचं पोलाद बघू," मावशी म्हणाल्या. टकटक. चेहरा खुलला. "ही घ्या. घंटीवानी हाय."

"गंजतं हो ते," मी म्हणालो.

"मंग पुसायचं."

इतकं सोपं असतं तर! स्टील बाहेरून गंजत नाही तेवढं आतून गंजतं. सीटपोस्टच्या फटीतून पाणी शिरतं, खाली बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या, डबीत साचतं, आणि आपला जून ते सप्टेंबर त्यावर बसून असतो. डबीच्या तळाला भोक आहे का ते घेतानाच बघायचं, असेल तर चिखलाने बुजू द्यायचं नाही. पावसात भिजून आल्यावर सीटपोस्ट काढून सायकल उलटी ठेवायची. वर्षातून एकदा नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारायचं. आणि सीटपोस्ट ग्रीस लावूनच बसवायचा. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये घाम आणि पाण्याने असा चिकटतो, की शेवटी करवतीनेच काढावा लागतो. अॅल्युमिनियमचा पोस्ट कार्बनच्या फ्रेममध्येही चिकटतो. तिथे ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. तिच्यात रव्यासारखे बारीक कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही.

एवढं केलं तर चांगल्या स्टीलची फ्रेम म्हातारी होत नाही. रेनॉल्ड्सचं ५३१ हे नळ्यांचं पोलाद १९३५ साली आलं, आणि त्या नळ्यांच्या जुन्या सायकली अजून रस्त्यावर दिसतात. मागचा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो कान, वाकला तर जाणता मेकॅनिक तो सरळ करून देतो. अॅल्युमिनियम आणि कार्बनला सुटा, बोल्टने बसणारा हँगर असतो. तो वाकला की नवा टाकायचा, आणि मॉडेलगणिक आकार वेगळा. सायकलीबरोबरच एक जास्तीचा घेऊन ठेवावा. नाहीतर ऐन हंगामात कुरिअरची वाट बघत बसायचं.

टिटॅनियमचा फोटो मावशींना दाखवला तेव्हा त्यांनी साडी जरा वर करून गुडघा पुढे केला.

"ह्येच ना ते? हितं बसवलंय. डाक्टर म्हनला वीस वर्सं बगायला नको. सायकलीला किती लिवून देतात?"

"आजीवन वॉरंटी," पोरगा खूश होऊन म्हणाला. पहिल्यांदा त्याला उत्तर येत होतं.

"आधी कोण जायचं, हे काका का सायकल?"

मी आजवर वाचलेल्या वॉरंटीच्या कागदांवरची ही सर्वांत नेमकी टीका. आजीवन म्हणजे बहुधा पहिल्या मालकापुरती, बिल जपून ठेवलं तर, आणि फक्त बनावटीच्या दोषासाठी. पडलात, धडकलात, कॅरिअरवरून निसटली, तर त्यात काही नाही. सायकल विकली की वॉरंटी संपली. रंगाची मुदत वेगळी, नेहमीच तोकडी. धातू म्हणून टिटॅनियम खरंच गुणी. गंजत नाही, थकायला स्टीलसारखंच चिवट, वजनाला स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण वेल्ड करताना हवा लागली तर जोड ठिसूळ होतो, आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडावा लागतो. म्हणून बनवणारे थोडे आणि किंमत गुडघ्याला घाम फोडणारी.

आता वजन. दुकानात सायकल टांगायचा काटा होता. अॅल्युमिनियमची ९.६ किलो भरली, कार्बनची ८.४. पोरगा विजयी मुद्रेने "बघा!" म्हणतोय तोवर मावशींनी काट्याकडून नजर माझ्या पोटाकडे आणली आणि निरागसपणे विचारलं, "आन् ह्यांचं?"

सगळे हसले. पंक्चरवाला तर जास्तच. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही, पण हिशेब त्यांच्या बाजूने आहे. सव्वा किलोच्या त्या फरकात फ्रेमचा वाटा अर्धा-पाऊण किलो, उरलेला चाकं आणि गिअरचा. माणूस ७५ किलोचा धरला तर सगळं मिळून ८५. त्यात अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्के. येवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना तासभर चढावर गेला, तर या अर्ध्या किलोने साधारण २० सेकंद वाचतात. तेवढी वरच्या वळणावर फोटो काढण्यात जातात. व्यावसायिक शर्यतींत तर ६.८ किलोच्या खालची सायकल चालतच नाही, २००० सालापासून नियमच आहे. आणि आपण कंदी पेढ्यांच्या अर्ध्या किलोच्या पुड्यासाठी लाख रुपये मोजायचे.

रस्त्याचा दणका कोण खातं, हे कुणी विचारतच नाही. फ्रेम नव्हे, टायर. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ९० पीएसआय हवा मारून कार्बनवर बसलात, तरी आपले न रंगवलेले गतिरोधक मणक्यात मोजता येतील. ३२ मिलिमीटरचा टायर ५५-६० वर ठेवा, अॅल्युमिनियमही मऊ लागेल. तेव्हा सायकल उलटी करून बघायचं ते हे, की फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, ३२ चा टायर बसून दोन्ही बाजूंना ४-५ मिलिमीटर फट उरते का. कासच्या तांबड्या चिखलाला तेवढी जागा लागतेच. घाटासाठी गिअरच्या चकत्या पुढे ५०-३४ दात्यांच्या आणि मागे ११ ते ३४ दात्यांच्या. फोर्क कार्बनचा. पण फोर्क कार्बनचा म्हणून 'कार्बन सायकल' असं सांगून विकतात, तिकडे कान बंद.

आणि या सगळ्याच्या आधी माप. इथे मात्र विनोद करायची इच्छा राहत नाही. मला ५४ मापाची फ्रेम लागते. पोराने ५६ पुढे केली, कारण ५६ शिल्लक होती. "सीट खाली-वर होते ना, काका." सीट खाली-वर होते, पण हँडल जवळ येत नाही. रीच, म्हणजे हँडल किती पुढे ते माप, फ्रेममध्ये कायमचं असतं. हँडल धरणारा तुकडा, स्टेम, १०० ऐवजी ८० मिलिमीटरचा लावून थोडं भागतं, त्याहून आखूड केला तर हँडल चुळबुळ करतं. मग मान दुखते, हाताला मुंग्या येतात, आणि माणूस म्हणतो मला सायकलिंग झेपत नाही. पन्नास-साठ हजार खर्चून सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला लागते. जो दुकानदार माप घेत नाही, त्याने मटेरियलवर तोंड उघडू नये. कपड्याचा दुकानदार असं करेल का? करेल म्हणा, पण तो निदान बदलून तरी देतो.

शेवटी अॅल्युमिनियमचीच सांगितली, ५४, मागवून. स्टीलची घेतली असती, पण तीही ५६ च होती. मावशींना माझा निर्णय पटला नाही. "जर्मल ते जर्मल," एवढंच म्हणून त्या नातवाला घेऊन निघाल्या. पोराने कोटेशन लिहिलं: सायकल, जास्तीचा हँगर, बाटलीचा स्टँड वेगळा, घंटी वेगळी, आणि सर्वांत खाली, पेडल वेगळे.

"पेडलशिवाय सायकल चालते कशी?" मी विचारलं.

"या रेंजमध्ये पेडल येत नाहीत, काका. लोक आपापले घेऊन येतात."

कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्याकडे टोपलीवाल्या सायकलीचे होते, तेवढे तो सूट देऊन लावायला तयार होता.