खापर आंब्यावर, आणि इन्सुलिनला विचारतं कोण?

मे महिन्यात मधुमेह्याची साखर वाढली की घरोघरी एकच निदान होतं: आंबा. असेलही. पण 45 अंशांत रोज टोचायच्या इन्सुलिनचं काय झालं, हे कोणी बघत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पथ्याचा तक्ता नंतर, आधी औषध, पाणी आणि चपला, असं माझं स्पष्ट मत आहे.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, मधल्या कप्प्यात ठेवायचं. फ्रीझरला खेटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन विरघळल्यावर बरं दिसलं तरी फेकायचंच. वापरातलं इन्सुलिनचं पेन बाहेर चालतं, बहुतेक प्रकारांत चार आठवडे, पण 25 ते 30 अंशांच्या आत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आपली कोणती खोली दुपारी 30 च्या आत असते? कूलर लावूनही नसते. स्कूटरची डिक्की तर भट्टीच! मेडिकलमधून इन्सुलिन घेतलं आणि जाता जाता सीताबर्डीत दोन कामं उरकली, की महिन्याचं औषध शिजलं. इन्सुलिन घ्यायचं ते सगळ्यात शेवटी.

फ्रिज नसेल किंवा लाइन वारंवार जात असेल तर मातीची दोन भांडी घ्या, एकात एक बसणारी. मधल्या फटीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. आतल्या भांड्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, जागा सावलीची आणि वाऱ्याची. बाटली पाण्यात बुडवायची नाही. आपली हवा कोरडी म्हणून हे जमतं, कूलर चालतो त्याच कारणानं. जुलैत दोन्ही फसतात.

दुसरी गोष्ट उलटी. उन्हात त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, टोचलेलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड सुरू झाली की लोक म्हणतात ऊन लागलं, आणि कांदा पुढे करतात. कांदा राहू द्या खिशात, आधी ग्लुकोमीटर काढा. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. मोजायची सोय नसेल तरी साखर द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

पाणी कमी पडलं तरी साखर वाढते. पण तहानेवर उसाचा रस हा उपाय नाही, एका ग्लासात सहज 25-30 ग्रॅम साखर जाते. मीठ-जिऱ्याचं पातळ ताक घ्या. संत्रं आख्खं खा. ज्यूसच्या ग्लासात तीन-चार पिळतात आणि चोथा फेकतात. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी सुरू असेल तर जुलाब-उलट्या लागताच डॉक्टरांना फोन करा, गोळी थांबवायची का ते विचारा.

तर्री पोहे? सोडा असं म्हणणार नाही, नागपुरात ते कोणी ऐकणारही नाही. पोहे अर्धे, चणे जास्त, शेव नको, वरचा तेलाचा तवंग चमच्यानं बाजूला. नंतर 15 मिनिटं चाला.

चालायचं ते सूर्य वर यायच्या आत, किंवा रात्री जेवणानंतर, आणि बूट घालून. पायाची संवेदना कमी झाली असेल तर देवळाच्या तापलेल्या फरशीवर चटका कळत नाही, फोड मात्र येतो. जाड मोजे घालून आत जा, फरशी तापायच्या आत. आणि रात्री झोपताना तळपाय आरशात बघा, बोटांच्या फटींसकट.