कालच्या पोळ्या मिळतील का?

आमच्या साताऱ्याच्या घरी थालीपिठात काय घातलंय, हे विचारायची पोरांना बंदी होती. भाजणी आणि कांदा उघड दिसायचा. त्यापलीकडे रात्रीची मेथीची भाजी, वाटीभर भात, कुणाच्या तरी उपासाची उरलेली भगर असा बराच माल त्यात भूमिगत असे. वर लोण्याचा गोळा ठेवून आजी म्हणायची, "गुमान खा." थोरल्या काकांना तपासाची भारी हौस. पहिला घास तोंडात घोळवत ते जाहीर करायचे, "परवाचा दुधी." आतून काकूची दुरुस्ती यायची, "परवाचा नाही, कालचा!" आणि विषय मिटायचा.

खाणारी तोंडं इतकी, की दोडका एका जेवणात संपवणं म्हणजे उधळपट्टी. दुपारी त्याची भाजी, रात्री त्याच्याच शिरांची चटणी. तीळ आणि सुकं खोबरं घालून ती अशी खमंग परतलेली असायची, की दुपारी भाजीला नाक मुरडणारे रात्री चटणीसाठी ताट पुढे करायचे. लाल भोपळ्याच्या बिया सुपात वाळत पडलेल्या असत. कलिंगडाचा लाल गर आम्ही फस्त केला, की खालचा पांढरा भाग किसून थालीपिठात जायचा. हिरवी साल तेवढी शेजारच्या गाईला. ती गाय इतकी हडकुळी का, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

पाहुणे आले की आमटीत तांब्याभर पाणी वाढायचं. ते पाणी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या आमटीत वरणफळं पडत. कणकेची पोळी लाटून, शंकरपाळ्यांसारखी कापून उकळत्या आमटीत सोडायची, वर तुपाची धार. पाहुणे "वा, खास बेत!" म्हणायचे आणि आजी पदर सावरत म्हणायची, "तुमच्यासाठी मुद्दाम केला."

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, तेव्हा आजीच्या हाताचा कस लागला. भाकरी थापताना चिरा पडत, रंग विटेसारखा. आजीने ती ताकात कुस्करली, वरून लसणाची फोडणी ओतली आणि आम्हाला गप्प केलं. लोक त्या भाकरीबद्दल आता फार हळवं बोलतात. मला ती तेव्हा आवडली नव्हती, आजही उमाळा वगैरे येत नाही. लसणाच्या फोडणीबद्दल मात्र येतो.

खरी रणधुमाळी बेरीवर. लोणी कढवून तूप गाळून घेतलं, की पातेल्याच्या तळाशी तपकिरी बेरी उरायची. त्यावर चमचाभर साखर. पातेलं कुणाच्या वाट्याला येणार याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, पण ज्याची पाळी त्यालाच नेमकं कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचं. तो परत येईपर्यंत पातेलं इतकं लख्ख झालेलं असायचं, की काकूला ते घासायची गरज वाटत नसे.

आणि फोडणीची पोळी! रात्रीच्या पोळ्या सकाळी हाताने कुस्करायच्या. मिक्सरमधून काढणाऱ्यांशी माझं जमत नाही; त्याची भुकटी होते. तेलात मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कुस्करा टाकून मीठ, चिमूटभर साखर, पाण्याचा हबका आणि झाकण. कढईच्या कडेला जी कुरकुरीत खरपुडी धरते, ती आजी स्वतःसाठी ठेवायची. तिच्याशी भांडायची कुणाची टाप नव्हती.

आता घरात आम्ही तिघं. पोळ्या माणशी मोजून होतात, उरायचा प्रश्नच येत नाही. परवा मुलीने फर्माईश केली, "आई, उद्या तुमच्या घरची ती फोडणीची पोळी कर ना." ताज्या पोळ्यांवर प्रयोग केला तर कढईत लगदा झाला असता. रात्री मुद्दाम जास्त लाटायच्या, तर मनगट दुखतंय. शेवटी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात गेले.

"किती देऊ ताई? आत्ताच तव्यावरून उतरवल्यात."

"कालच्या नाहीत का?"

बाईंना वाटलं मी तक्रार घेऊन आलेय. "छे हो, आमच्याकडे शिळं कधीच विकत नाही!"

"अहो, मला शिळ्याच हव्यात. फोडणीच्या पोळीसाठी."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "असतात थोड्या उरलेल्या. पण त्या विकायच्या नाहीत, ताई. मी घरी नेते. नाही नेल्या तर पोरं मला दारात उभं करत नाहीत."